एक्स-प्लेन १२: सर्व्हिसचे ट्रक का येत नाहीत आणि ते हवे तसे कसे आणायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एक्स-प्लेन १२ या विमानाच्या सिम्युलेटरसाठी (पुढे नुसतं ‘सिम’) पुण्याचा विमानतळ, संकेत व्हीएपीओ, तुम्ही वर्ल्ड एडिटरमध्ये, म्हणजे त्याचे विमानतळ आखायच्या प्रोग्राममध्ये, दुरुस्त केलात. स्टँड (विमान उभं करायच्या जागा) नव्याने आखले, एप्रनवर, म्हणजे टर्मिनलसमोरच्या फरसावर, फ्युएल ट्रक, बेल्ट लोडर (बॅगा चढवणारे पट्टे), बॅगांच्या ट्रॉल्या मांडल्या. पण सिममध्ये सर्व्हिस मागवली की बहुतेक वेळा काहीच हलत नाही. एकदा ट्रॉल्यांची गाडी आली तीही टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानांच्या वाटेवरून, आणि एरोब्रिज एका स्टँडवर लागतो, शेजारच्यावर लागत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘अजून किती ट्रक टाकू?’

एकही नको. ट्रक येत नाही तेव्हा दहापैकी नऊ वेळा ट्रक असतो, पण त्याला रस्ता नसतो. किंवा तुम्ही जो मांडलाय तो ट्रक नसून ट्रकच्या आकाराचा पुतळा असतो. हा दुसरा घोटाळा आधी मिटवू, कारण तुमच्या वर्णनावरून तो नक्की झालेला दिसतो.

लायब्ररीतून (सिमच्या तयार वस्तूंच्या साठ्यातून) फ्युएल ट्रकचं ऑब्जेक्ट उचलून एप्रनवर ठेवलं की ते कायम तिथेच उभं राहतं. ती सजावट. चालणारा ट्रक हवा असेल तर वर्ल्ड एडिटरमधल्या ‘ट्रक पार्किंग लोकेशन’ या वेगळ्या साधनाने जागा द्यावी लागते. तिथे कुठलंही ऑब्जेक्ट ठेवायचं नसतं. जागा, दिशा आणि प्रकार एवढंच सांगायचं, गाडी सिम स्वतः आणतं. वर्ल्ड एडिटरमधून सिमसाठी निर्यात (एक्स्पोर्ट) झाल्यावर एपीटी डॅट या विमानतळाच्या फाईलमध्ये अशा प्रत्येक जागेची १४०० क्रमांकाने सुरू होणारी एक ओळ तयार होते. फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि १४०० शोधा. एकही ओळ सापडली नाही, तर तुमचे सगळे ट्रक पुतळे आहेत. (फाईल फक्त बघायला उघडा. हाताने केलेला बदल पुढच्या निर्यातीत पुसला जातो, कारण खरं काम अर्थ वेड एक्सएमएल या फाईलमध्ये साठवलेलं असतं. वर्ल्ड एडिटरच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘वेड’च म्हणतात, आणि आठवडाभर त्यात बसलं की मराठी अर्थही पटतो.)

पुढे जाण्याआधी एक चाचणी, नाहीतर चुकीच्या जागी खणत बसाल. सिमसोबत येणारं मूळ ७३७-८०० घ्या, त्याच स्टँडवर उभं करा, पार्किंग ब्रेक लावा, इंजिनं बंद ठेवा आणि सर्व्हिस मागवा. ट्रक आले, तर विमानतळ ठीक आहे. अडचण तुमच्या नेहमीच्या विमानात आहे. सर्व्हिसच्या गाड्या कुठे येऊन थांबायच्या हे विमानाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, विमानतळाच्या नाही. विकतच्या किंवा समुदायाने बनवलेल्या बऱ्याच विमानांना स्वतःची सर्व्हिस असते, विमानाच्या टॅब्लेटवरून किंवा मेनूतून चालणारी. त्यांना सिमचे ट्रक नकोच असतात. तिथे विमानतळ कितीही घासूनपुसून ठेवला तरी फरक पडत नाही. मूळ ७३७ लाही काही आलं नाही, तरच पुढचं वाचा.

त्यातही आधी बघायचा तो सीनरी पॅक्स आयएनआय फाईलमधला क्रम; सिम कुठलं पॅक आधी वाचतं हे त्यात असतं. तुमच्या पॅकची ओळ ग्लोबल एअरपोर्ट्सच्या (सिमसोबत येणाऱ्या विमानतळांच्या) ओळीच्या वर हवी. एकाच विमानतळाच्या दोन व्याख्या असल्या तर सिम त्यांची सरमिसळ करत नाही, वरची पूर्ण घेतं आणि खालची पूर्ण सोडतं. याचे दोन परिणाम होतात. पॅक खाली राहिलं तर तुमचं काम दिसतच नाही. आणि पॅक वर असूनही तुम्ही कोऱ्या पाटीपासून सुरुवात केली असेल, तर मूळ विमानतळात असलेले ट्रकचे रस्तेही गेले, कारण ते तुमच्या फाईलमध्ये नाहीत. म्हणून नेहमी सीनरी गेटवेवरून, म्हणजे एक्स-प्लेनच्या विमानतळांच्या ऑनलाइन साठ्यावरून, चालू आवृत्ती आयात करून तिच्यावर काम करावं. पुण्याच्या बाबतीत एक सावधानता: नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ पासून वापरात आहे. तुम्ही उतरवलेली आवृत्ती त्याआधीची असेल, तर एप्रनच जुनं असणार आणि रस्तेही त्याच हिशेबाने आखलेले असणार.

आता मुख्य भाग, म्हणजे रस्ते. टॅक्सी रूटच्या साधनाने काढलेल्या प्रत्येक रेषेला ‘परवानगी असलेली वाहनं’ असा एक गुणधर्म असतो: विमान की ग्राउंड ट्रक. नवी रेषा काढताना तिकडे लक्ष गेलं नाही, तर ती विमानांची होते आणि ट्रकच्या दृष्टीने नसल्यातच जमा. उलटही होतं. तुमच्या ट्रॉल्या टॅक्सीवेवरून गेल्या, म्हणजे तिथल्या एखाद्या रेषेला ट्रकची परवानगी दिलेली असणार. एपीटी डॅटमध्ये विमानांच्या रेषा १२०२ ने आणि ट्रकच्या १२०६ ने सुरू होतात, त्यामुळे मोजणी सोपी आहे. १२०६ च्या पाच-सातच ओळी असतील, तर पुण्याएवढ्या एप्रनला ते जाळं पुरणारं नाही.

रेषा असणं आणि जोडलेली असणं, यातही फरक आहे. दोन रेषा नकाशावर एकमेकींना छेदताना दिसतात, पण छेदाच्या जागी नोड (जोडबिंदू) नसेल तर सिमसाठी तो उड्डाणपूल आहे. एकीवरून दुसरीवर जाता येत नाही. तसंच दोन टोकं अगदी चिकटून दिसतात, पण झूम केल्यावर मध्ये अर्ध्या मीटरची फट सापडते. तपासण्याची माझी पद्धत अशी: एक नोड निवडून थोडा ओढायचा. त्याला जोडलेल्या सगळ्या रेषा सोबत हलल्या तर जोड खरा. एखादी जागेवर राहिली तर तिथे दोन नोड एकावर एक बसलेत. दोन्ही निवडून ‘मर्ज’ करा. मग ओढलेलं अनडू करा. कंटाळवाणं आहे, पण सगळं जाळं अर्ध्या तासात तपासून होतं. ट्रकचं जाळं एकसंध हवं. जिथून ट्रक निघतो ते बेट वेगळं आणि जिथे विमान उभं आहे ते वेगळं असेल, तर ट्रक निघतच नाही.

रस्ता कुठून न्यायचा, यासाठी उपग्रहचित्र लावा आणि खरे रंगवलेले सर्व्हिस रोड बघा. टर्मिनल आणि विमानाचं नाक यांच्यामधून जाणारा रस्ता बहुतेक ठिकाणी असतो. काही ठिकाणी शेपटीमागूनही असतो. या खऱ्या पट्ट्यांवरूनच रेषा न्या. ९० अंशांच्या वळणाला दोन-तीन नोड पुरतात. बारीक तुकडे करून वळण गुळगुळीत करण्याच्या नादी लागू नका, त्याने जाळं नाजूक होतं. ट्रकचा रस्ता धावपट्टीवरून कधीच नेऊ नका, आणि टॅक्सीवे ओलांडायचा तर एकाच जागी, काटकोनात. पुण्यात आणखी एक पथ्य आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, प्रवासी विमानतळ त्याला लागून. ट्रकचं जाळं नागरी एप्रनपुरतंच ठेवा आणि हवाई दलाच्या बाजूच्या स्टँडना ‘मिलिटरी’ हाच प्रकार द्या, नाहीतर सिम स्वतः मांडतं त्या उभ्या विमानांच्या गर्दीत लढाऊ विमानाशेजारी एखादं प्रवासी विमान येऊन बसेल.

शेवटचा टप्पा, म्हणजे रस्त्यापासून विमानाच्या दारापर्यंतचा, ट्रक जाळं सोडून जातो. म्हणून रस्ता स्टँडच्या जवळून जाणं महत्त्वाचं. इथे खऱ्या एप्रनची शिस्त लक्षात ठेवली की आखणी आपोआप सुधारते. ए३२० आणि ७३७ या दोन्हींत प्रवासी डावीकडून चढतात. सामानाच्या पोटाची दारं उजवीकडे, केटरिंग उजव्या दारांना, इंधनाची जोडणी उजव्या पंखाखाली. म्हणजे जवळपास सगळी वर्दळ उजव्या अंगाला असते. नाकापुढच्या रस्त्यावरून उजवीकडे पोचायला ट्रकला सरळ वाट मिळते का, हे आधी बघा. तो विमानाखालून किंवा एरोब्रिजमधून जात असेल, तरच स्टँडच्या उजव्या सीमेवरून एक छोटा फाटा मागे न्या.

त्या फाट्याला जागा आहे का, हे गणिताने कळतं. विमानांचे पंखविस्तारावरून अक्षरी वर्ग केलेले असतात; वर्ग सी म्हणजे २४ ते ३६ मीटरपेक्षा कमी पंखविस्तार. ए३२० चा ३४.१ मीटर, टोकाला शार्कलेट (वर वळलेली टोकं) असतील तर ३५.८, विंगलेटवाल्या ७३७-८०० चाही ३५.८ च्या आसपास. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वर्ग सी च्या स्टँडवर पंखाच्या टोकाला साडेचार मीटर मोकळी जागा हवी. म्हणून शेजारच्या दोन स्टँडच्या मध्यरेषांमध्ये साधारण साडेचाळीस मीटर अंतर असावं. तुमच्या आखणीत ते ३६-३७ मीटरच असेल, तर ट्रक पंखातून जाणारच. तो दोष रस्त्याचा नाही, स्टँडचा आहे. वर्ग ई (५२ ते ६५ मीटर) आणि एफ ला ही मोकळी जागा साडेसात मीटर होते. मुंबईच्या टर्मिनल २ सारखी आखणी करताना हे विसरलं की ७७७-३००ईआर चे ६४.८ मीटरचे पंख शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

स्टँडची माहिती भरतानाही हात आखडता घेऊ नका. १३०० च्या ओळीत जागा, दिशा, गेट की मोकळा स्टँड, आणि जेट, टर्बोप्रॉप वगैरे कुठली विमानं चालतील हे येतं. तिच्या खालच्या १३०१ मध्ये रुंदीचा वर्ग, वापर (विमान कंपनी, मालवाहतूक, लष्करी इत्यादी) आणि कंपन्यांचे तीन अक्षरी आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) संकेत, तेही लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत. इंडिगोचा आयजीओ, एअर इंडियाचा एआयसी, अकासाचा एकेजे. दोन अक्षरी तिकिटावरचे संकेत, म्हणजे सिक्स-ई वगैरे, इथे चालत नाहीत. ही चूक फार दिसते.

आता ट्रकच्या जागा. किती हव्या हे विमानतळावर अवलंबून आहे, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा कंजूष आहे. दर स्टँडला सात ट्रकचा संच देण्याची गरज नाही. गाड्या जाळ्यावरून येतात, त्यासाठीच तर रस्ते काढले. आठ-दहा स्टँडच्या एप्रनला मी दोन ठिकाणी गट करतो आणि सगळं मिळून साधारण असं ठेवतो: चार बेल्ट लोडर, तीन ट्रॉली-गाड्या, दोन मोठे फ्युएल ट्रक, दोन केटरिंग, दोन जीपीयू (उभ्या विमानाला वीज देणाऱ्या गाड्या), दोन टग (विमान मागे ढकलणारे) आणि एक क्रू कार. लोडर जास्त, कारण विमानाला पुढच्या आणि मागच्या पोटासाठी वेगळे लोडर लागतात. ट्रॉली-गाडीला मागे किती डबे, हे शून्यापासून दहापर्यंत सांगता येतं. तीन किंवा चार पुरे. दहा डब्यांची आगगाडी वळणावर एप्रनचे कोपरे कापत जाते. क्रूच्या गाड्यांमध्ये एक फेरारीही आहे, हो, खरंच. कुठे ठेवायची ते तुमच्या विवेकावर सोडतो.

इंधनाच्या ट्रकचे तीन प्रकार आहेत: मोठ्या प्रवासी विमानांसाठी, छोट्या जेटसाठी आणि प्रोपेलर विमानांसाठी. एखाद्या फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवरून मांडणी उचलली असेल तर फक्त तिसरा प्रकार येतो, आणि मग ए३२० ला बाकी सगळं मिळून इंधनाचा ट्रक तेवढा मिळत नाही. एटीआर ७२ बद्दल गोंधळ होतो. ते खरं तर जेट इंधनावर चालतं, पण सिममध्ये त्याला कुठला ट्रक बोलवायचा हे विमान बनवणाऱ्याने निवडलेलं असतं. एटीआर येत असतील तर तिन्ही प्रकारांचा एकेक तरी ठेवा. एटीआरचं पुढचं सामानाचं दार डावीकडे आणि प्रवाशांचं दार मागे डावीकडे असतं हेही ध्यानात घ्या. वर सांगितलेला उजव्या अंगाचा नियम त्याला लागू नाही. कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळावर एरोब्रिजचा प्रश्नच नाही, एक रस्ता आणि पाच-सहा गाड्या भागवतात.

पार्किंगच्या जागा रस्त्याला लागून असाव्यात आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला ट्रक निघताना विचित्र कोलांटी घेतो. आणि आधी मांडलेले पुतळे तिथून काढा. ट्रकच्या जाळ्याला ऑब्जेक्ट दिसत नाहीत. वाटेत कंटेनर, कुंपण, ट्रॉल्यांची रांग, काहीही असलं तरी गाडी आरपार जाते.

सर्व्हिस नसतानाही एप्रन जिवंत दिसावं असं वाटत असेल, तर ‘ट्रक डेस्टिनेशन’ टाका. ही १४०१ ची ओळ. प्रत्येक जागेला कुठल्या प्रकारच्या गाड्या तिथे जातील हे निवडायचं: बॅगा लावण्याच्या शेडपाशी लोडर आणि ट्रॉल्या, इंधनाच्या टाक्यांपाशी फ्युएल ट्रक, किचनच्या बाजूला केटरिंग. स्टँडवर मात्र डेस्टिनेशन ठेवू नका. उभ्या विमानाच्या पोटात शिरलेला केटरिंग ट्रक बघायला मिळेल.

एरोब्रिजचं उत्तर बहुधा बोगद्याच्या लांबीत आहे. एक्स-प्लेन १२ च्या एरोब्रिजना चार मापं आहेत: ११ ते २३ मीटर, १४ ते २९, १७ ते ३८ आणि २० ते ४७. ज्या खांबाभोवती पूल फिरतो तिथपासून विमानाच्या पुढच्या डाव्या दारापर्यंतचं अंतर मोजा. ते निवडलेल्या मापाच्या आत हवं, आणि लोक विसरतात ते हे की किमान लांबीही पाळावी लागते. खांब दारापासून नऊ मीटरवर असेल, तर सगळ्यात छोटं मापही लागणार नाही. खांब मागे सरकवावा लागेल. एकाच स्टँडवर वेगवेगळी विमानं येत असतील तर सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात दूरचं दार दोन्ही मोजा, आणि दोन्ही अंतरं किमान आणि कमाल लांबीच्या मध्ये पडतील असं माप घ्या. विश्रांतीच्या स्थितीत पूल विमानाच्या वाटेत पंखाला लागणार नाही हेही बघा. जुन्या एक्स-प्लेन ११ च्या पॅकमधून उचललेले एरोब्रिज प्लगइनवर (वेगळ्या जोड-प्रोग्रामवर) चालणारे किंवा नुसते स्थिर असतात. ते सिमच्या स्वतःच्या कमांडला हलत नाहीत. त्यांच्या जागी वर्ल्ड एडिटरचे नवे पूल बसवणं हाच सरळ उपाय. एपीटी डॅटमध्ये त्यांची १५०० ची ओळ दिसायला हवी.

गाड्यांचं रंगरूप बदलायचं तर तो विषय वेगळा, वर्ल्ड एडिटरचा नाही. कस्टम सीनरीत एक लायब्ररी पॅक करायचं, त्याच्या लायब्ररी फाईलमध्ये एक्स्पोर्टच्या ओळीने मूळ गाडीचं नाव तुमच्या ऑब्जेक्टकडे वळवायचं. नावं मनाने लिहू नका. मूळ लायब्ररीच्या यादीत विमानतळाच्या वाहनांखाली जी आहेत ती जशीच्या तशी उचला. एक अक्षर चुकलं तरी ओळ निकामी. असा साधा बदल केला की तो ट्रक फक्त पुण्यात बदलत नाही. फ्रँकफुर्टलाही तुमचाच पिवळा टँकर येईल.

कामाचा क्रम मी असा ठेवतो: आधी स्टँड, मग ट्रकचे रस्ते, मग फक्त दोन ट्रक. निर्यात, सिम बंद करून पुन्हा सुरू, मूळ ७३७ वर एक चाचणी. ते दोन आले की बाकीचे. सगळं एकदम भरलं आणि काही आलं नाही, तर दोष कुठल्या रेषेत आहे ते शोधायला संध्याकाळ जाते. निर्यातीआधी वर्ल्ड एडिटरची ‘व्हॅलिडेट’ ही तपासणी चालवा आणि त्याच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका. सिम सुरू झाल्यावर लॉग फाईलमध्ये तुमच्या पॅकचं नाव शोधून शेजारी त्रुटीची ओळ आहे का तेही पाहा.

आणि हा विमानतळ पुढे गेटवेवर देणार असाल, तर स्वतःचे टँकर, स्वतः बनवलेली ऑब्जेक्ट्स त्यात चालत नाहीत. फक्त सिमच्या मूळ लायब्ररीतली. म्हणून रंगीत गाड्यांचं पॅक पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर पाठवायच्या वेळी एकेक ऑब्जेक्ट वेचून काढावं लागेल.